रडका हत्ती आणि अननसाचा शिरा

हत्ती आमच्या घरचा होता, म्हणून मला त्याचा राग जास्त.

तो माझ्या भाचीने काढला होता. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत नवरात्रात भोंडला होतो. मधोमध पाट ठेवतात, पाटावर हत्तीचं चित्र, आणि मुली त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात. एका वर्षी पाट रंगवायचं काम हिच्याकडे आलं. हिचा हत्ती चांगला जाडजूड, एक कान मोठा, एक लहान, सोंड वर, आणि चेहऱ्यावर जगाची काडीची पर्वा नसल्याचा भाव. मला तो इतका आवडला की मी फोटो काढून ऑफिसात दाखवला. तेव्हा मी अंधेरीला एका कंपनीत अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करायचे आणि आम्ही डायबिटीस असलेल्या मुलांसाठी साखर दाखवणारं मनगटावरचं घड्याळ बनवत होतो. घड्याळात एखादा प्राणी हवाच होता. सगळे म्हणाले, हाच घेऊ या.

भाचीला टाइप वन डायबिटीस आहे. आजोबा लोकांना उतारवयात होतो तो वेगळा. हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून टोचून घ्यावं लागतं, आणि काय खाणार, किती खाणार, कधी खाणार हे आधी ठरवून घ्यावं लागतं. कमी पडलं तर साखर चढते. जास्त झालं किंवा खायला उशीर झाला तर उतरते, आणि उतरली की हातपाय कापतात, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं. तेव्हा ताबडतोब साखर पोटात गेली पाहिजे, नाहीतर पोर बेशुद्ध पडू शकतं. म्हणजे चढलेल्या साखरेचा इलाज आणि उतरलेल्या साखरेचा इलाज एकमेकांच्या बरोबर उलटे. हे तिच्या वर्गातल्या पोरांना एका मधल्या सुट्टीत समजलं होतं. आमच्या ऑफिसातल्या शहाण्यांना समजवताना माझा घसा बसला.

आमच्या प्रॉडक्टचा प्रमुख बोरिवलीचा, माझ्याहून वयाने लहान. दाढी कोरलेली, मोज्यांशिवाय घातलेले महागडे बूट, आणि प्रत्येक वाक्याआधी एक छोटंसं हसू. त्या हसण्याचा मला पुढे इतका वीट आला की लिफ्टमध्ये तो दिसला तर मी जिन्याने जायचे.

“मुलांना आकडे नकोत यार,” तो त्या दिवशी मीटिंगमध्ये म्हणाला. “आकड्यांनी पोरं घाबरतात. हत्ती हसतोय, म्हणजे सगळं छान. हत्ती रडतोय, म्हणजे गडबड. झकास.”

“गडबड कसली?” मी विचारलं. “साखर चढली की उतरली?”

“ते आईबाप बघतील ना. कोड टाकून आत गेलं की आकडा आहेच.”

“अरे, पण आईबाप शेजारी नसले तर? बघणाऱ्याला कळणार कसं, पोरीला साखर द्यायची की हातातली काढून घ्यायची? निदान दोन वेगळे चेहरे दे. किंवा एक बाण टाक, वर नाहीतर खाली.”

“तू ना फार खोलात शिरतेस. एवढ्याशा स्क्रीनवर बाण टाकला की त्याचं हॉस्पिटल होतं. आपल्याला खेळणं बनवायचंय.”

मी पुन्हा सांगितलं. मग मेलवर लेखी कळवलं, डॉक्टरांना विचारून कळवलं. उत्तरादाखल एक अंगठा आला. हत्तीच्या डोळ्यातला थेंब निळा असावा की पारदर्शक, यावर मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत चर्चा चालली. एकीने सुचवलं की हत्ती सोंडेने डोळे पुसताना दाखवू या, पालकांच्या काळजाला भिडेल. प्रमुख खूश झाला. गजर काढून टाकला, कारण गजर कर्कश. त्याऐवजी हत्ती बारीक आवाजात हुंदके देणार होता. माझ्या भाचीच्या त्या मस्तवाल हत्तीचे दोन्ही कान सारखे केले, पापण्या लांब केल्या आणि त्याला हुंदके द्यायला बसवलं. मला तिथेच शिसारी आली होती. समोरचा चहा मी तसाच ठेवून उठले.

घरी या घड्याळाची वेगळीच वाट बघणं चालू होतं. दादा, वहिनी, भाची आणि मी एकाच घरात राहतो. भाचीला हा आजार निघाल्यापासून वहिनी रोज तिच्या शाळेत जाऊन बसायची. वर्गाबाहेरच्या बाकावर, शाळा सुटेपर्यंत. मधल्या सुट्टीत इन्सुलिन, खेळाच्या तासाला बिस्किटं, दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर सुटला तर चिकटपट्टी. बाई चांगल्या होत्या, पण जबाबदारी कोण घेणार म्हणायच्या. भाची दहा वर्षांची झाली तशी तिला आई मागे मागे असण्याचा उबग यायला लागला. वाढदिवसाला जायचं तर आई. सोसायटीच्या बागेत जायचं तर आई जिन्यात उभी. बरोबरच्या मुली हिच्यासमोर एखादं गुपित सांगायच्या नाहीत, कारण पाठोपाठ आई येणार हे त्यांना ठाऊक.

“आत्या, तुझं घड्याळ आलं की आईला शाळेत यावं लागणार नाही ना?” ती मला विचारायची.

“बघू या.”

“आणि भोंडल्याला? भोंडल्याला मी एकटी जाणार. आईने घरीच बसायचं. प्रॉमिस?”

तिला तेवढंच हवं होतं. एक संध्याकाळ, बरोबरीच्या मुलींसारखी, आई पाठीशी नसताना. वहिनीने मोठ्या मुश्किलीने प्रॉमिस केलं.

घड्याळ चाचणीसाठी घरी आलं तेव्हा ऑफिसची एक अट होती. सेन्सरचं मूळ अ‍ॅप, जे सरळ आकडा दाखवायचं, बाण दाखवायचं आणि कर्कश वाजायचं, ते चाचणीपुरतं बंद ठेवायचं. वहिनी कुरकुरली. पण लेकीचा चेहरा बघून तिने ते बंद केलं.

आता ‘मायेची साखळी’. हे नाव आमच्या मार्केटिंगवाल्यांचं. आईवडिलांनी जवळच्या माणसांचे फोन या साखळीत जोडायचे. मग हत्ती रडला की सगळ्यांच्या फोनवर रडतो. त्यामागे कल्पना अशी की सगळे मिळून मुलावर लक्ष ठेवतील. वहिनीने दादाला जोडलं, मला जोडलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना जोडलं, कारण भोंडला काकूंच्या हातात असायचा.

काकू मूळच्या मालवणकडच्या. भोंडला त्यांच्याकडे नसतोच. तो त्या मुलुंडला आल्यावर शिकल्या आणि नंतर त्याच्यावर मालकीच सांगायला लागल्या. बाई जिवाला जीव देणारी. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की पेजेचं पातेलं घेऊन हजर. पण तोंडाला कुलूप नाही. भाचीचा आजार निघाला तेव्हा त्यांनीच सबंध बिल्डिंगला सांगितलं, आणि मग सुरू झाला सल्ल्यांचा रतीब. कारल्याचा रस द्या, मेथीचं पाणी द्या, सुया कसल्या टोचता लहान पोरीला. एक बाई तर वहिनीला लिफ्टमध्ये म्हणाली की तू गरोदरपणी फार गोड खाल्लं असशील. दुसरीने लग्नाचं काढलं. दहा वर्षांच्या पोरीच्या लग्नाचं.

काकूंच्या फोनवर हत्ती आला आणि त्यांना जणू सरकारी नेमणूक मिळाली. वॉचमनला दाखव, दूधवाल्याला दाखव. भाची शाळेतून आली की गेटवरच चौकशी: “काय गो, दुपारी हत्ती रडत होतो. काय खाल्लंस?” पोरीने काही खाल्लेलं नसायचं. कधी परीक्षेच्या धास्तीने साखर चढायची, कधी धावण्याने उतरायची. पण हत्ती रडला म्हणजे हिने चोरून गोड खाल्लं, असा बिल्डिंगभर कायदाच झाला. बागेत मुलं तिला हत्ती म्हणायला लागली. तिने पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला सुरुवात केली, ऐन उन्हाळ्यासारख्या त्या ऑक्टोबरच्या उकाड्यात, घड्याळ झाकलं जावं म्हणून. मी हे ऑफिसात सांगितलं. प्रमुख हसला आणि म्हणाला, “म्हणजे एंगेजमेंट जबरदस्त आहे. लोक सारखं अ‍ॅप उघडून बघतायत.”

भोंडल्यात खिरापत असते. गाणी संपली की खायला मिळतं ते, पण ते काय आहे हे आधी ओळखावं लागतं. डबा झाकलेला असतो, बाई तो कानाशी हलवून दाखवते, मुली एकेक नाव घेतात, आणि बरोबर नाव येईपर्यंत झाकण उघडत नाही. काय केलंय हे आधी फोडायचं नाही, हा त्यातला मोठा नियम. भाचीची पंचाईत तिथेच होती. काय खाणार हे माहीत नसेल तर इन्सुलिन किती घेणार?

वहिनी काकूंकडे गेली. काकूंनी आधी आढेवेढे घेतले, मग तिच्या कानात सांगितलं: अननसाचा शिरा. दिवेलागणीला डबा उघडेन, असंही सांगितलं. पण भाचीकडून त्यांनी देवाशप्पथ वचन घेतलं. “तुका म्हायत आसा म्हणून बोलायचा नाय हां. बाकीच्या पोरींची मजा जाईल.” भाचीने मान डोलावली. तिला स्वतःलाही ते पटत होतं. आधीच उत्तर माहीत असताना ओळखणं म्हणजे चीटिंग, असं तिने मला आरशासमोर वेणी घालून घेताना गंभीरपणे सांगितलं.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून निघाले तेव्हा ती परकर-पोलकं घालून खाली गेली होती. वहिनीने शिऱ्याच्या अंदाजाने इन्सुलिन दिलं होतं आणि कमरेला एक छोटी पिशवी बांधली होती, त्यात ग्लुकोजच्या गोळ्या. वहिनी वर घरात थांबली, खिडकीतूनसुद्धा डोकावायचं नाही या अटीवर. पुढचं मला भाचीने, वहिनीने, काकूंनी आणि बाकीच्या मुलींनी सांगितलं ते असं.

फेर झाला. मग सोसायटीतल्या दोघीतिघींनी रील काढायचं ठरवलं. पहिल्या वेळी कुणीतरी मधे आलं. दुसऱ्या वेळी उजेड कमी पडला. मुलींना पुन्हा फेर धरायला लावला, पुन्हा, अजून एकदा, हसत हसत, मान वर करून, टाळी जोरात. दिवेलागण होऊन गेली. पोटात इन्सुलिनला काम दिलेलं होतं आणि पोरीला नाचवत होते. मग एकदाचा डबा बाहेर आला. काकूंनी तो हलवला. आतून धप्प असा आवाज आला. ब्राउनी, गुलाबजाम, केक, खांडवी, सगळं म्हणून झालं. एकीने शिरा म्हटलं, तेव्हा भाचीला वाटलं सुटले. पण काकू पक्क्या. “कसला शिरा?” साजूक तुपातला. केळ्याचा. आंब्याचा. गुळाचा. काकू प्रत्येकीला नाही म्हणत होत्या आणि बायका हसत होत्या.

भाचीचे हात कापायला लागले होते. एक शब्द उच्चारला असता तर झाकण उघडलं असतं. ती बोलली नाही. वचन दिलं होतं ना.

तिच्या मनगटावर हत्ती हुंदके द्यायला लागला. त्या गोंगाटात तो कुणाला ऐकू जाणार? पण काकूंच्या ओच्यात फोन थरथरला. त्यांनी बघितलं तर हत्ती सोंडेने डोळे पुसतोय, आणि त्याच वेळी पोरीच्या हातात ग्लुकोजची गोळी. आमच्या त्या गोंडस चित्राने त्यांना जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. गोळी काढून घेतली. कमरेची पिशवी काढून घेतली. “थांब गो बाय. हत्ती रडता बघ. आज तुका गोड नाय.” तेवढ्यात एका चिमुरडीने अननस म्हटलं, डबा उघडला, सगळ्यांना द्रोण वाटले, आणि भाचीला काकूंनी मायेने बाजूच्या खुर्चीवर बसवून तिचा द्रोण उंच ठेवून दिला. ती काही म्हणाली म्हणे, पण शब्द धड लागत नव्हते. काकूंना वाटलं हट्ट करतेय.

वर वहिनीच्या फोनवर तोच हत्ती रडत होता. वहिनीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, शिरा खाण्याची वेळ होऊन गेली होती, म्हणजे खाल्ला असेल, साखर थोडी चढली असेल, उतरेल इन्सुलिनने. कोड टाकून आकडा शोधायची गरजच तिला वाटली नाही. खाली धावायचा मोह तिने आवरला. प्रॉमिस केलं होतं ना. आजारातलं सगळं कोळून प्यायलेल्या आईला त्या चेहऱ्याने फसवलं.

मी स्टेशनवरून रिक्षात होते. माझ्या फोनवरही हत्ती. मी कोड टाकला, आत गेले, अजून आत गेले, तेव्हा आकडा कुठल्या तरी कोपऱ्यात लपवलेला सापडला. वहिनीला फोन लावून एवढंच म्हणाले, “साखर खाली गेलीय. खूप खाली. पळ.” रिक्षा गेटला लागली तेव्हा मला ती खुर्चीवर दिसली. चेहरा पांढराफटक, केस कपाळाला चिकटलेले, नजर भलतीकडेच. तिच्याभोवती बायका द्रोण चाटत उभ्या होत्या.

टेबलावर बायकांसाठी कोकम सरबत होतं, चांगलं साखर घातलेलं. मी पेला उचलला आणि तिच्या ओठांना लावला.

“अगो, शुगरवालीला सरबत काय देतंस?” काकू पुढे आल्या.

“काकू, बाजूला व्हा.”

“पण हत्ती…”

“तो हत्ती गेला खड्ड्यात. बाजूला व्हा.”

तिला गिळता येत होतं, एवढं नशीब. घोट घोट करून पेला संपवला, मग दुसरा. पोलक्यावर लाल ओघळ. वहिनी जिन्यावरून धावत आली आणि तिच्यासमोर खाली फरशीवर बसली. हळूहळू नजर ठिकाणावर आली. भाचीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलली ते हे:

“आत्या, मी सांगितलं नाही हं. अननसाचा होता ते.”

काकू तिथेच तोंडात पदर घालून रडायला लागल्या. त्यांच्यावर मला फार वेळ रागावता आलं नाही. त्यांच्या हातात आम्ही जे दिलं होतं ते त्यांनी प्रामाणिकपणे वाचलं होतं. माझा राग अंधेरीत चौथ्या मजल्यावर एसीत बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बसलेसुद्धा नाही. तो ऐकत होता, मधे मधे भुवया वर करत होता. मी थांबले तेव्हा त्याने विचारलं, “पण अलर्ट गेला ना? सगळ्यांना?”

“गेला.”

“वेळेवर?”

“हो, पण…”

“म्हणजे सिस्टीम चालली.” तो खुर्चीत मागे रेलला. “आत्या धावत येते, भोंडला, ट्रॅडिशन, हत्ती. यार, काय गोष्ट आहे. आपण ह्याचा व्हिडिओ करू या.”

आजवर मला पुष्कळ गोष्टींची किळस आली आहे. गटारात हात घालून बुजलेली जाळी साफ केली आहे, आजारी माणसांचं केलं आहे. पण त्या क्षणी त्या स्वच्छ, लव्हेंडरच्या वासाच्या केबिनमध्ये मला जी किळस आली ती कुठेच आली नव्हती. मी म्हटलं, चेहरे वेगळे कर, बाण टाक, मग काय ते व्हिडिओ कर. तो म्हणाला, व्हिडिओ होऊ दे, पुढच्या आवृत्तीत नक्की टाकू, शब्द देतो. आणि तुमची मुलगी शूटिंगला आली तर सगळ्यांनाच विषयाचं गांभीर्य कळेल.

मी घरी नको म्हणून सांगितलं. पण वहिनी म्हणाली, जाऊ या. दुसऱ्या कुणाच्या पोरीवर ही वेळ येऊ नये, त्यासाठी एक दिवस गेला तर गेला. भाचीला शूटिंग बघायचं होतंच. पाठीशी आई असायला आता तिची हरकत नव्हती. त्या दिवसानंतर तिने एकटीने जायचा विषयच काढला नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं होतं. सेन्सरचं जुनं अ‍ॅप आम्ही त्याच दिवशी परत चालू केलं होतं. घड्याळ मनगटावर राहिलं ते केवळ त्या शब्दासाठी.

वर्सोव्याहून फेरीबोट पकडून आम्ही मढला गेलो. जेट्टीवर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास होता, आणि नाकाला रुमाल लावलेला आमचा प्रमुख होता. मला बोंबलांचा वास काही वाटत नाही. शूटिंगचा बंगला समुद्राकडे तोंड करून उभा होता. अंगणात थर्माकोलचा हत्ती, झेंडूच्या प्लॅस्टिकच्या माळा, नऊवारीत कोंबलेल्या मॉडेल. भाचीची भूमिका करणारी मुलगी तिच्याच वयाची होती. तिला डायबिटीस वगैरे काही नव्हता. तिला सकाळपासून काही खायला दिलं नव्हतं, म्हणजे शिरा बघून डोळ्यात भूक दिसेल. हे दिग्दर्शकाने मला कौतुकाने सांगितलं. घास घेण्याचे शॉट सकाळी वेगळे झाले होते. तेव्हा प्रत्येक घास तिला बादलीत थुंकायला लावला होता, कारण पोट भरलं तर चेहरा सुस्तावतो. बादली अजून तिथेच होती, वर माशा घोंघावत होत्या.

मग गोष्ट काय करायची ते कळलं. मुली खिरापत ओळखतात. हत्ती रडतो. प्रेमळ काकू पोरीच्या हातातला द्रोण अलगद काढून घेतात. पोरगी समजूतदारपणे हसते. हत्ती हसतो. संगीत.

वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी प्रमुखाला गाठलं. “हे उलटं आहे. असं केलं तर पोर मरेल.”

“अगं, भावना पोहोचल्या पाहिजेत,” तो रुमालाआडून म्हणाला. “डिटेल कोण बघतंय?”

“आणि तो बाण? शब्द दिला होतास.”

“पुढच्या वर्षी बघू ना.”

तेवढ्यात सगळे चूप बसा अशी आरोळी झाली. कॅमेरा चालू झाला. नऊवारीतल्या बाईने डबा कानाशी हलवला. ब्राउनी, म्हणाली एक मुलगी. गुलाबजाम, म्हणाली दुसरी. दिग्दर्शक हाताने खुणावत होता, अजून, अजून लांबवा. मधली ती भुकेली पोर डब्याकडे बघत होती, आणि तिचं बघणं काही अभिनय नव्हता. केक. खांडवी. शिरा. कसला शिरा?

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. भाची उठून उभी राहिली होती.

“अननसाचा,” ती म्हणाली. खणखणीत, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी. “अननसाचा शिरा आहे. उघडा तो डबा आणि द्या तिला.”

कट झालं. दिग्दर्शक ओरडला, ही कोण मुलगी, हिला बाहेर न्या. प्रमुख रुमाल विसरून धावत आमच्याकडे आला. भाचीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने मनगटावरचा पट्टा सोडला, घड्याळ थर्माकोलच्या हत्तीच्या पायाशी ठेवलं, सरळ त्या बाईपाशी गेली, डबा तिच्या हातातून घेतला आणि झाकण उघडलं. पिवळाधम्मक शिरा, गार झालेला. तिने एक द्रोण भरून त्या मुलीच्या हातात दिला. मुलीने एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा दिग्दर्शकाकडे, आणि खायला लागली. थुंकली नाही.

नोकरी मी त्याच आठवड्यात सोडली. तो हत्ती अजून दोन्हीला सारखाच रडतो, असं ऐकते. भाचीच्या वहीच्या मागच्या पानावर आता नवा हत्ती आहे, एक कान मोठा, एक लहान, आणि त्याच्या पोटावर ठळक आकडा. हे सगळं नंतरचं. त्या दुपारी अंगणात एवढंच झालं की द्रोण अर्धा संपल्यावर त्या मुलीने तोंड पुसत हिला विचारलं, “तुला कसं कळलं गं?”

“मला आधीपासून माहीत होतं,” भाची म्हणाली. “मागच्या वेळी पण माहीत होतं.”

मग ती वहिनीकडे वळून म्हणाली, “आई, तुम्ही दोघी इथेच थांबा, मी एकटी समुद्र बघून येते,” आणि फाटकातून बाहेर गेली. वहिनी जागची हलली नाही.